काचेतला समुद्र

माझ्या भावाचा नातू न्यू जर्सीत असतो, वय वर्षे चौदा. त्याने घरात खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी करायची ठरवली आहे. साधी गोल्डफिशची नव्हे, जिवंत प्रवाळाची. पंचाहत्तर लिटरची काचेची पेटी आणि तिच्यात समुद्र! त्याने मला नियमांची एक यादीच पाठवली. नळाचं पाणी वापरायचं नाही, गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ मिसळायचं, तापमान २५-२६ अंश ठेवायचं, पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ असायला हवं. आधी नुसता खडक आणि वाळू घालून चार ते सहा आठवडे थांबायचं, एकही मासा सोडायचा नाही. मग गोगलगाई, मग एखाद-दुसरा मासा आणि सगळ्यात शेवटी प्रवाळ. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं. आणि शेवटचा नियम मोठ्या अक्षरांत: घाई करायची नाही.

"आत्याआजी, तुला काय वाटतं?" असं त्याने विचारलं होतं. आता मला माशांतलं काय कळतं? मासा ताटात ओळखता येतो, बस्स. पण आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे एक खोड जडली आहे. कुणी नियम सांगितला की मनात येतं, हा पहिल्यांदा कुणाला कळला? आणि तो कळेपर्यंत किती जीव गेले? त्या नादात दोन-तीन महिने मिळेल ते वाचलं. त्याला उत्तर म्हणून लिहायला घेतलं, ते इतकं लांबलं की म्हटलं सगळ्यांनाच वाचू दे.

सुरुवात एका शिवणकाम करणाऱ्या बाईपासून करते. झान विल्प्रे ही फ्रान्समधल्या ज्यूयाक गावची मुलगी, जन्म १७९४ चा. पॅरिसमध्ये ती कपडे शिवायची आणि १८१६ साली एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखामुळे तिचं नाव झालं. पुढे जेम्स पॉवर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याशी लग्न करून ती सिसिलीतल्या मेसिना गावी गेली आणि तिथल्या समुद्राच्या प्रेमात पडली. तिथे अर्गोनॉट नावाचा एक प्राणी सापडतो. ऑक्टोपसच्याच कुळातला, पण कागदासारख्या पातळ, सुरेख शिंपल्यात राहणारा. हा शिंपला तो स्वतः बनवतो, की दुसऱ्या कुणाचा बळकावतो, यावर विद्वानांचा जुना वाद होता. मेलेले नमुने स्पिरिटात बुडवून तो मिटणार कसा? १८३२ मध्ये या बाईंनी काचेच्या पेट्या करवून घेतल्या, त्यांत जिवंत अर्गोनॉट ठेवले आणि रोज बघत बसल्या. शिंपला फुटला तर प्राणी तो स्वतःच सांधतो, हे त्यांना दिसलं. वाद मिटला. १८३८ साली त्यांचा संग्रह आणि कागदपत्रं नेणारं जहाज बुडालं, म्हणून नाव मागे पडलं. पण काचेच्या पेटीत समुद्री जीव ठेवून त्याचा अभ्यास करायची वाट पहिल्यांदा त्यांनी पाडली, हे आता मानलं जातं.

मेसिनात समुद्र दारातच होता. खरी अडचण समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची. त्यासाठी लंडनमध्ये यावं लागतं, आणि इथेही पुन्हा एक बाईच भेटते.

अॅना थिन. नवरा वेस्टमिन्स्टर अॅबेत मोठ्या पदावरचा धर्मोपदेशक. १८४६ साली ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला गेली असताना तिला खडकावर जिवंत प्रवाळ दिसलं. इंग्लंडच्या थंड समुद्रात मिळतं ते, एकांडं, पेल्याच्या आकाराचं. ते लंडनला न्यायचं तिने मनावर घेतलं. वाटेत आपटून मरू नये म्हणून काय केलं असेल? सुईदोरा घेऊन ते एका मोठ्या स्पंजाला टाचलं आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीत ठेवलं!

लंडनमध्ये पोचल्यावर प्रश्न पाण्याचा. पहिल्यांदा ती किनाऱ्यावरून ताजं पाणी मागवायची. ते परवडेना. मग तिने मोलकरणीला उघड्या खिडकीशी बसवून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायला लावलं. आपण चहा निववताना उंचावरून धार धरतो ना, तसं. हवा पाण्यात मिसळावी म्हणून. अर्धा-पाऊण तास हे चालायचं. पुढच्या वर्षी तिने पेटीत समुद्री वनस्पती सोडल्या आणि त्या प्राणवायू देऊ लागल्या. प्रवाळ जगलं, त्याला पिल्लंही झाली. जवळपास तीन वर्षं हा घरगुती समुद्र वेस्टमिन्स्टरमध्ये नांदला.

या हकिगतीत मला त्या मोलकरणीची फार आठवण येते. अॅनाबाईंचं टिपण १८५९ साली शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं, त्यांचं नाव राहिलं आणि ते राहायलाच हवं. पण जगातला पहिला हवेचा पंप म्हणजे त्या मोलकरणीचे दोन हात होते. रोजची कामं उरकून हे वर. तिला त्या प्रवाळाबद्दल काय वाटत असेल? कुठे काही लिहिलेलं नाही. इतिहासाच्या तासाला मुलांना ताजमहाल कुणी बांधला असं विचारलं की सगळी एका सुरात "शहाजहान" म्हणत आणि मग मी विचारायची, त्याने किती विटा उचलल्या? तसंच हे.

आता थोडं बाजूला जाते, कारण काचेचा प्रश्न राहिला. १८२९ च्या सुमारास नथॅनिएल वॉर्ड नावाचा लंडनमधला एक डॉक्टर, फुलपाखरांचा शौकीन, त्याने एका पतंगाचा कोश मातीसकट बंद बाटलीत ठेवला. पतंगाचं राहिलं बाजूला, बाटलीत एक नेचा उगवला आणि पाणी न घालता वाढत राहिला. लंडनच्या धुरकट हवेत एरवी नेचे तगत नसत. मग त्याने काचेच्या बंद पेट्या केल्या आणि जहाजांवरून जिवंत झाडं जगभर जाऊ लागली. रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती याच पेट्यांतून. सकाळी आपण जो कप तोंडाला लावतो त्याच्या पूर्वजांत ही काचपेटी आहे बरं का! पुढे १८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला आणि काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. रेल्वेमुळे किनारा जवळ आला. या दोन गोष्टी नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं असं मला वाटतं. आपण शोधांचं श्रेय नेहमी डोक्याला देतो, पण करांचे दर आणि गाड्यांची वेळापत्रकंही त्यात वाटेकरी असतात.

१८४९ मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनच्या, म्हणजे साधारण पन्नास-पंचावन्न लिटरच्या पेटीत गोल्डफिश आणि पाणवनस्पती ठेवल्या. पानं कुजून पाणी घाण झालं, तेव्हा त्याने गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि सगळा संसार सुरळीत चालला. १८५० साली त्याने हे जगापुढे मांडलं: वनस्पती आणि प्राणी योग्य प्रमाणात ठेवले तर पाणी आपोआप शुद्ध राहतं. दोन वर्षांनी हाच प्रयोग त्याने खाऱ्या पाण्यात केला. माझ्या नातवाच्या यादीतली गोगलगाय ती हीच, पावणेदोनशे वर्षांपूर्वी कामाला लागलेली.

आणि मग आला फिलिप हेन्री गॉस. अत्यंत धार्मिक, अत्यंत अबोल आणि लेखणीचा जादूगार. प्रकृती बिघडली म्हणून १८५२ मध्ये तो डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून खडकांवरची समुद्रफुलं गोळा करू लागला. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, ते सजवण्यात त्याचा मोठा वाटा. १८५४ मध्ये त्याने या विषयावरचं पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच 'अॅक्वेरियम' हा शब्द रूढ करून टाकला. लोक वेडे झाले. दिवाणखान्यात फर्नची पेटी होतीच, शेजारी आता समुद्राची आली. समुद्राचं पाणी पिंपांतून विकलं जाऊ लागलं. ज्यांना तेही मिळत नव्हतं त्यांच्यासाठी गॉसने कृत्रिम पाण्याची कृती दिली. साधं मीठ, मॅग्नेशियमचे दोन क्षार आणि एक पोटॅशियमचा, एवढेच चार पदार्थ पाण्यात विरघळवायचे. त्यात आधी समुद्री शेवाळ ठेवून थांबायचं आणि मग प्राणी सोडायचे, हेही त्याने सांगितलं. 'घाई करायची नाही' हा नियम तेव्हापासूनचा. कृतीतल्या चार पदार्थांत चुना मात्र नव्हता. त्याकडे पुढे येते.

या वेडाची किंमत किनाऱ्याने दिली. गॉसचा मुलगा एडमंड पुढे मोठा साहित्यिक झाला. त्याने १९०७ साली आपल्या वडिलांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात लहानपणी पाहिलेली खडकातली डबकी नंतर कशी ओरबाडली गेली ते लिहिलं आहे. बादल्या, छिन्न्या, हातोडे घेऊन लोक येत आणि खडक उलटेपालटे करून जात. वडिलांच्याच पुस्तकांनी त्यांना वाट दाखवली होती आणि वडिलांना त्याचं दुःख होतं, असंही तो सांगतो. ज्याला दाखवायचा त्याच्या हातून नासतो, असा हा समुद्र. घरी नेलेल्या बहुतेक पेट्यांचं काय झालं असेल, ते सांगायला नकोच. दोन आठवड्यांत पाणी गढूळ, मग वास, मग पेटी माळ्यावर. १८६० चं दशक संपेपर्यंत घरगुती लाट ओसरली होती.

लाट ओसरली तरी एक माणूस चिकाटीने मागे लागला. विल्यम आल्फोर्ड लॉइड. लंडनमध्ये मत्स्यपेट्यांचं दुकान चालवणारा, फारसं शिक्षण नसलेला. पॅरिस, हॅम्बुर्ग आणि १८७१ मध्ये लंडनचा क्रिस्टल पॅलेस, इथल्या मत्स्यालयांमागे त्याचं डोकं होतं. त्याचं म्हणणं सोपं होतं. जे पाणी लोकांना दिसतं त्याच्या कितीतरी पट पाणी खाली अंधाऱ्या, थंड टाकीत ठेवा आणि ते सतत फिरवत राहा. पाणी बदलू नका, फिरवा. आजही प्रवाळपेट्यांखालच्या कपाटात दुसरी टाकी असते, ती या लॉइडची देणगी.

आणि म्हणूनच लहान पेटी मोठ्या पेटीपेक्षा अवघड. हे नवशिक्याला उलटं वाटतं. लहान आहे म्हणजे सोपं असेल! पण विहिरीत चिमूटभर हळद टाकली तर कळत नाही, तांब्यात टाकली तर पाणी पिवळं होतं. पन्नास लिटरमध्ये एक मासा मेला आणि संध्याकाळपर्यंत लक्षात आलं नाही, तर सकाळी बाकीचेही गेलेले असू शकतात. उन्हाळ्यात वाफ होऊन दोन-तीन लिटर पाणी उडालं की खारटपणा चढला. मीठ उडत नाही, पाणी उडतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. एवढी गोष्ट सांभाळली तरी निम्मं काम झालं असं नातू म्हणतो.

आता सगळ्यात गमतीचा भाग. वॉरिंग्टनचा 'समतोल' बरोबर होता, पण त्याचं कारण अर्धंच कळलं होतं. सगळे समजत होते की वनस्पतींचा प्राणवायू पेटी जगवतो. खरी मारेकरी दुसरीच होती. माशांच्या मलमूत्रातून, उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो अगदी थोडा असला तरी विष. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जीवाणू वाळूत, खडकात, काचेवर वस्ती करून असतात. नव्या पेटीत ते नसतात. त्यांची वस्ती वाढायला काही आठवडे लागतात. व्हिक्टोरियन दिवाणखान्यातले जीव मेले ते याने, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

हे कोडं उलगडण्यात ज्याचा हात होता त्याचं नाव वाचून मी उडालेच. रॉबर्ट वॉरिंग्टन! पण हा मुलगा, बापाच्याच नावाचा. इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात तो मातीचा अभ्यास करत होता. १८७७ मध्ये दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं की अमोनियाचं नायट्रेट करणारं काहीतरी सजीव असतं. धाकट्या वॉरिंग्टनने ते पडताळलं आणि हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळे जीव करतात असं दाखवून दिलं. ते जीवाणू शेवटी वेगळे काढले १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने. बापाने दिवाणखान्यात पेटी मांडली, लेकाने शेताच्या मातीत तिचं उत्तर शोधलं, पण ते उत्तर पेटीपर्यंत पोचायला आणखी अर्धं शतक गेलं. शेतीवाले आणि मासेवाले एकमेकांचं वाचत नव्हते, दुसरं काय?

तरीही प्रवाळ काही जगेना. म्हणजे अॅनाबाईंचं जगलं, मग उष्ण समुद्रातलं रंगीबेरंगी का नाही? कारण ते प्रवाळच वेगळं. इंग्लंडचं ते पेल्यासारखं प्रवाळ अंधारात, थंडीत राहून मिळेल ते भक्ष्य खातं. उष्ण समुद्रात भिंती रचणारं प्रवाळ मात्र आपल्या अंगात सूक्ष्म शैवाल पोसतं आणि त्याच्या जिवावर जगतं. शैवाल उन्हात अन्न शिजवतं, प्रवाळ त्याला घर देतं. म्हणजे ऊन नाही तर चूल पेटत नाही. प्राण्यांच्या अंगातल्या या पिवळ्या पेशी म्हणजे शैवाल आहे, हे १८८१-८२ मध्ये स्पष्ट झालं. जर्मनीत कार्ल ब्रांट यांनी लिहिलं आणि ब्रिटनमध्ये लिहिलं ते पॅट्रिक गेडिस यांनी.

गेडिस म्हटल्यावर कान टवकारले की नाही? तेच ते. प्राण्या-वनस्पतींतून शहरांकडे वळलेले, भारतभर हिंडून नगररचनेचे अहवाल लिहिणारे आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग उभा करणारे प्राध्यापक गेडिस. त्यांनी ज्या तरुणाला परदेशी शिक्षणासाठी निवडलं आणि जो १९२४ मध्ये त्यांच्या जागी आला, ते गोविंद सदाशिव घुर्ये, जन्म मालवणचा. आणि मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, प्रवाळ आहे! महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ते दिसावं अशा मोजक्या जागांपैकी ही एक. यातून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण असे धागे सापडले की माझी दुपार चांगली जाते.

मत्स्यालयांचं वारं आपल्याकडेही आलं. मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ साली मत्स्यालय उघडलं, ते दुसऱ्या महायुद्धात बंद झालं. मुंबईचं तारापोरवाला १९५१ चं, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन झालेलं. आमच्या पिढीच्या किती शाळांच्या सहली तिथे गेल्या असतील! राणीचा बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला, हा मुंबई सहलीचा ठरलेला क्रम. मुलं काचेला नाक लावून उभी राहत आणि काचेवर श्वासाचे गोल उमटत, एवढं आठवतं. मासे पुष्कळ होते, पण जिवंत प्रवाळाची बाग त्या काळात जगात क्वचितच कुठे जमलेली होती.

ती जमवली जाकार्तातल्या एका माणसाने. ली चिन एंग. १९६१ साली त्याने एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली आणि तिची मांडणी इतकी साधी की लोकांचा विश्वासच बसेना. तो समुद्रातून नुसता प्रवाळखडक आणायचा, त्याच्यावर राहणाऱ्या किड्यामुंग्यांसकट, शेवाळासकट, म्हणजे 'जिवंत खडक'. वर समुद्राचं पाणी, भरपूर उजेड आणि एका नळीतून हवेचे बुडबुडे. गाळणी नाही, औषधं नाहीत. खडकाच्या छिद्राछिद्रांत बसलेले जीवाणूच पाणी शुद्ध करायचे. बिकट प्रश्न यंत्राने सोडवायची सवय असलेल्या पाश्चात्त्यांना हे पचायला वेळ लागला. त्यात, ज्यांच्या दारात प्रवाळबेट नाही त्यांना हे करणं अवघडच होतं.

पुढची पायरी जर्मन भाषिकांनी चढली. पेटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की प्रवाळाला सांगाडा बांधायला सतत चुना लागतो आणि बंद पेटीत तो संपतो. उपाय काय सांगितला? चुन्याची निवळी! होय, आपली आज्जी लहान मुलांना दुधातून द्यायची तीच. भिजवलेल्या चुन्यावरचं स्वच्छ पाणी थेंबाथेंबाने पेटीत सोडायचं. फार दाहक असतं, म्हणून एकदम ओतायचं नाही, रात्रभर ठिबकत ठेवायचं. गॉसच्या कृतीत जे नव्हतं ते सव्वाशे वर्षांनी पेटीत पडलं. बर्लिनच्या डीट्रिश श्टुबर आणि त्यांच्या मित्रमंडळींनी याला तीन गोष्टी जोडल्या. एक, जिवंत खडक. दोन, सूर्यासारखा प्रखर दिवा. आणि तीन, फेस काढणारं नळकांडं. हे शेवटचं मला लगेच समजलं, कारण लहानपणी गुऱ्हाळ पाहिलंय. काहिलीत उसाचा रस उकळताना वर मळी येते आणि झाऱ्याने ती काढून टाकतात, तेव्हा गूळ स्वच्छ होतो. तसंच पाण्यात बारीक बुडबुडे सोडले की घाण फेसाला चिकटून वर येते आणि वरच्या वाटीत जमा होते. कुजून अमोनिया व्हायच्या आधीच घाण बाहेर! श्टुबर यांच्या पेटीतल्या एका फांदीदार प्रवाळाचे तुकडे मित्रांना, मित्रांच्या मित्रांना वाटले गेले आणि युरोप-अमेरिकेतल्या असंख्य पेट्यांत वाढले. आपण शेजारणीला ब्रह्मकमळाचं पान देतो तसं. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांनी अमेरिकेतल्या मासिकात लेखमाला लिहिली आणि 'छोटं प्रवाळबेट' अमेरिकन घराघरांत शिरलं. आताच्या एलईडी दिव्यांनी विजेचं बिल आणि पाण्याचं तापणं दोन्ही कमी केलं, म्हणून चौदा वर्षांच्या मुलाला हे सुचू शकतं.

पण डेव्हनच्या किनाऱ्यावर झालं तेच मोठ्या प्रमाणावर पुन्हा झालं. १९६० च्या दशकापासून फिलिपिन्समध्ये शोभेचे मासे पकडायला सायनाइडचं पाणी प्रवाळाच्या फटींत फवारत. मासा गुंगतो, पकडला जातो, त्यातले बरेच नंतर मरतात आणि ज्या प्रवाळावर फवारा बसला तेही मरतं. पकडणारा गरीब कोळी, त्याला चार पैसे मिळतात. मासा विकत घेणारा हजारो मैलांवर, त्याला काही ठाऊक नसतं. नातवाला मी एवढंच विचारलं, तुझा मासा कुठला? त्याने शोधून सांगितलं, विदूषकमासा पैदास केंद्रात जन्मलेला आहे, प्रवाळ दुसऱ्याच्या पेटीतल्या प्रवाळाचा तोडलेला तुकडा आहे आणि खडक तर कोरडा, समुद्रातून जिवंत न आणलेला. माझा जीव भांड्यात पडला.

इथे भारतात कुणाला हे वाचून हुरूप आला असेल तर थांबा. आपल्याकडे २००१ सालापासून खडक रचणारी सगळी प्रवाळं वन्यजीव कायद्याने वाघाइतकीच संरक्षित आहेत. ती तोडणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे, मग दुकानदार काहीही सांगो. मन्नारच्या आखातात पूर्वी प्रवाळ खणून चुन्यासाठी भाजत, तेही थांबायला हवंच होतं. मासे ठेवायला मात्र हरकत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषकमाशांच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तिथल्या बायका शोभेच्या कोळंब्या वाढवायला शिकल्या. अशा ठिकाणचा मासा घ्या, कोरड्या खडकावर त्याचं घर मांडा. दिसायला तेही सुंदर दिसतं.

आता जे सांगते ते वाचून माझं या छंदाबद्दलचं मत बदललं. समुद्र तापला की प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८ मध्ये हे जगभर झालं, मग २०१० मध्ये, २०१४ ते १७ मध्ये, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथी जागतिक लाट जाहीर केली. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचं पाणी इतकं तापलं की तिथल्या लोकांनी समुद्रातल्या रोपवाटिकांमधली प्रवाळं बाहेर काढून जमिनीवरच्या टाक्यांत आणून ठेवली. टाक्यांत! दिवे, फेस काढायची नळकांडी, फिरतं पाणी, सगळं तेच. ज्यातलं बहुतेक या छंदिष्टांनी घरच्या पेट्यांत चुकतमाकत शिकून ठेवलं होतं.

आणि लंडनमध्ये हॉर्निमन संग्रहालय आहे. हॉर्निमन हे चहाचे व्यापारी, त्यांनी १९०१ मध्ये ही इमारत लोकांसाठी उघडली. लॉइडचा क्रिस्टल पॅलेस जिथे होता तिथून ते फार लांब नाही. तिथल्या तळघरात जेमी क्रॅग्ज आणि त्यांचे सहकारी प्रवाळाची वीण करवायचा प्रयत्न करत होते. उष्ण समुद्रातली कितीतरी प्रवाळं वर्षातून एकदाच, पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री, सगळी मिळून अंडी सोडतात. त्यांना पेटीत हे कसं कळावं? मग त्यांनी दूरच्या बेटाचं वर्षभराचं तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्राची कलाकला वाढणारी-कमी होणारी चांदणी संगणकाने दिव्यांतून उतरवली. बंद पेटीत, समुद्राचा थेंबही न येता, प्रवाळांनी वेळेवर अंडी सोडली. २०१७ मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्या खोलीत अशा रात्री माणसं लाल उजेडात पेटीसमोर बसून असतात म्हणे, प्रवाळाला चाहूल लागू नये म्हणून.

नातवाच्या पेटीत सध्या नुसता खडक, वाळू आणि पाणी आहे. तिसरा आठवडा चालू आहे. रोज अमोनिया मोजून तो मला आकडा कळवतो आणि मी तो कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवते. काल शून्याच्या जवळ आला होता.